सांगलीहून नागपूर विमानाने: अंतर कसं मोजायचं, वेळ कसा काढायचा

परवा भाच्याने मोबाईल पुढे केला. "मामा, सांगली ते सातारा विमानाने चाळीस मिनिटं!" खाली अंतरही दिलं होतं, ११० किलोमीटर. अंतर चूक नव्हतं. नकाशावर सांगलीत एक टाचणी टोचा, साताऱ्यात दुसरी टोचा आणि मध्ये दोरा ताणा, तेवढाच भरतो. अडचण एवढीच की दोऱ्याच्या एकाही टोकाला विमानात बसायची सोय नाही. साताऱ्याला प्रवासी विमानतळ नाही. कराडजवळ वारुंजीला धावपट्टी आहे, पण तिथून तिकीट काढून कुणी कुठे जात नाही. आपल्याकडे, म्हणजे सांगलीजवळ, कवलापूरची जुनी धावपट्टी आहे, आणि तिथे विमानतळ व्हावा ही मागणी आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

मोबाईल कुठल्याही दोन गावांमधलं विमान-अंतर सांगतो. विमान आहे की नाही, हे त्याला विचारलेलंच नसतं, म्हणून तो सांगत नाही. पहिल्यांदा विमानाने निघणाऱ्या माणसाची फसगत इथूनच सुरू होते. म्हणून हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने करून बघा. शाळेतलं गणित पुरतं. उदाहरणाला कोल्हापूर ते नागपूर घेऊ. सांगली-मिरजेहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूर म्हणजे दिवस आणि रात्र डब्यातच जाते, त्यामुळे विमानाचा विचार आपल्याकडे पहिल्यांदा याच प्रवासाला सुचतो.

पायरी १: गाव बाजूला ठेवा, विमानतळ ठरवा

तिकीट गावाचं नसतं, विमानतळाचं असतं. प्रत्येक विमानतळाला तीन इंग्रजी अक्षरांची खूण असते. कोल्हापूर के-एल-एच, नागपूर एन-ए-जी, पुणे पी-एन-क्यू, बेळगाव आय-एक्स-जी. शोधताना ही अक्षरं बघायची सवय लावा, कारण "सांगली" टाइप केलं की काही ठिकाणी परस्पर पुणं किंवा गोवाच पुढे येतं.

सांगलीकराला जवळचा विमानतळ कोल्हापूरचाच. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला हा विमानतळ गावात नाही, उजळाईवाडीला आहे, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून. सांगलीतून अंकली पूल, जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली असं करत गेलं की ५० किलोमीटरच्या आसपास. बेळगावचा सांबरा विमानतळ साधारण १४० किलोमीटर. पुण्याचा लोहगाव २३० च्या पुढे, आणि तोही शहराच्या पलीकडच्या टोकाला.

पायरी २: सरळ रेषेतलं अंतर काढा

विमानाचं अंतर म्हणजे दोन विमानतळांमधली पृथ्वीच्या पाठीवरची सगळ्यात आखूड रेषा. लांबच्या प्रवासात ही रेषा सपाट नकाशावर वाकडी दिसते, कारण नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल. महाराष्ट्राएवढ्या टापूत तो वाकडेपणा जाणवतही नाही, म्हणून पायथागोरसने भागतं.

आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मोबाईलच्या नकाशावर धावपट्टीवर बोट दाबून धरलं की मिळतात.

कोल्हापूर: अक्षांश १६.६६, रेखांश ७४.२९.
नागपूर: अक्षांश २१.०९, रेखांश ७९.०५.

अक्षांशांतला फरक ४.४३ अंश. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, कुठेही जा. ४.४३ गुणिले १११ म्हणजे ४९२ किलोमीटर. आपल्याला उत्तरेला एवढं सरकायचंय.

रेखांशांतला फरक ४.७६ अंश. इथे बरेच जण पुन्हा १११ नेच गुणतात आणि उत्तर फुगतं. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात, त्यामुळे पूर्व-पश्चिम एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटर असला तरी कोल्हापूरच्या अक्षांशावर १०७ च्या आत आणि नागपूरच्या अक्षांशावर १०४ होतो. मधला आकडा १०५ धरा. ४.७६ गुणिले १०५ म्हणजे ५०० किलोमीटर.

आता ४९२ चा वर्ग अधिक ५०० चा वर्ग, आणि बेरजेचं वर्गमूळ. उत्तर ७०१ आणि थोडं. म्हणजे कोल्हापूर ते नागपूर हवेतून ७०० किलोमीटर. दोन्ही बाजू जवळपास सारख्या आल्या, याचा अर्थ विमान जवळजवळ बरोबर ईशान्येला जातं.

कागदावर नको असेल तर संगणकावर नकाशा उघडा, उजवी कळ दाबा, अंतर मोजायचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या विमानतळावर टिचकी मारा. आकडा तोच येईल. पण एकदा हाताने केलेलं बरं. नकाशावर ती रेषा ओढली तेव्हा मला एक गंमत दिसली. उजळाईवाडीहून निघालेली रेषा सांगलीच्या उत्तरेला बुधगाव-कवलापूरच्या आसपासून पुढे जाते. म्हणजे आपण पन्नास किलोमीटर उलटे नैऋत्येला जायचं, आणि विमानात बसून पुन्हा आपल्याच गावाच्या उशाशी यायचं. कवलापूरच्या मागणीमागचं गणित एवढ्या एका रेषेत आहे.

आणखी दोन उत्तरं देतो, स्वतः करून पडताळा. कोल्हापूर ते मुंबई ३१० किलोमीटर. कोल्हापूर ते हैदराबाद ४४५.

कुठे "नॉटिकल मैल" दिसले तर दचकू नका. वैमानिक त्यातच मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. आपले ७०० किलोमीटर म्हणजे ३७८ नॉटिकल मैल. काही ठिकाणी नुसतं "मैल" लिहितात आणि तो रस्त्यावरचा १.६ किलोमीटरचा मैल असतो, हे दोन्ही एक समजू नका.

खरं विमान हिशोबाइतकं सरळ जात नाही, हेही खरं. ठरलेल्या हवाई मार्गांनी, लष्करी हद्दी टाळत, उतरायच्या धावपट्टीची दिशा पकडत जातं, त्यामुळे प्रत्यक्षात काही टक्के जास्त अंतर कापलं जातं.

पायरी ३: अंतराचा वेळ करा

इथे विमान कुठलं आहे, हे बघावंच लागतं. छोट्या विमानतळांवर साधारण दोन जातीची विमानं येतात. एक पंख्याचं एटीआर, सत्तरेक आसनांचं. मधल्या उंचीवरून ताशी ५०० किलोमीटरने जातं. दुसरं छोटं जेट, जसं एम्ब्रेअर. ते ताशी ८०० च्या आसपास. मोठी एअरबस त्याहून थोडी वेगवान, पण तिला धावपट्टीही तशीच लागते. तिकीट काढताना विमानाचं नाव बारीक अक्षरात दिलेलं असतं, ते वाचा.

आता भागाकार. ७०० किलोमीटर जेटने ५२ मिनिटं, एटीआरने ८४ मिनिटं. पण हा वेळ विमान पूर्ण वेगात असल्याचा. चढताना, उतरताना वेग कमी असतो, जमिनीवर धावपट्टीपर्यंत सरकत जायला वेळ लागतो. त्यासाठी सरसकट २५ ते ३० मिनिटं मिळवा. जेटने साधारण १ तास २० मिनिटं, एटीआरने १ तास ५० मिनिटं. तिकिटावर याच्या आसपासचा आकडा दिसला की समजा, हिशोब जमला.

ही वरची तीस मिनिटं अंतर कमी असो की जास्त, तेवढीच लागतात, म्हणून जवळच्या विमानप्रवासाला ती फार महाग पडतात. कोल्हापूर ते मुंबई एटीआरने ३७ मिनिटांचं उड्डाण, त्यावर तीस, म्हणजे प्रवासाचा जवळजवळ अर्धा वेळ चढण्या-उतरण्यातच गेला. शिवाय मुंबईत आकाशात रांग असते, तिथे आणखी दहा-पंधरा मिनिटं धरून चाला. भाच्याच्या सांगली-सातारा "चाळीस मिनिटां"तही उड्डाण तेरा मिनिटांचंच होतं, बाकी सगळी ही वरकड.

छोट्या शहरांना स्वस्तात विमानाने जोडणाऱ्या सरकारच्या उडान योजनेतही हाच ठोकताळा दिसतो. २०१७ मध्ये या योजनेतलं पहिलं विमान उडालं, तेव्हा साधारण ५०० किलोमीटर किंवा तासाभराच्या प्रवासाला राखीव आसनांचं भाडं २५०० रुपयांच्या आत बांधलं होतं. तासाला पाचशे, एटीआरचाच वेग.

वाऱ्याचाही थोडा भाग असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून वारा वाहतो. नागपूरला जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. तेवढ्याने पाच-दहा मिनिटं इकडची तिकडे होतात. जाण्याचा आणि येण्याचा वेळ तिकिटावर वेगळा दिसला तर छापण्यात चूक झाली असं समजू नका.

पायरी ४: तिकिटावरचा वेळ म्हणजे नेमका काय

सुटायची वेळ ही चाकं जमीन सोडायची वेळ नव्हे. विमान आपल्या जागेवरून हलतं, ती सुटायची वेळ. तसंच पोहोचायची वेळ म्हणजे दुसरीकडे विमान जागेवर येऊन थांबतं ती. या दोन्हींमधल्या वेळाला ब्लॉक टाइम म्हणतात. देशात सगळीकडे घड्याळ एकच, त्यामुळे सरळ वजाबाकी करा. दुबई-बिबईला जाताना मात्र दीड तासाचा फरक आधी काढावा लागतो.

कंपन्या ब्लॉक टाइम थोडा सैल ठेवतात. वीस मिनिटं उशिरा सुटलेलं विमान "वेळेत" पोहोचलं असं सांगतात, ते या सैलपणामुळे. मला यात गैर वाटत नाही. आपली एसटीही तेच करते, फक्त घोषणा करत नाही.

हा आकडा आणखी एका कामाला येतो. विमान रद्द झालं, कंपनीने आधी पुरेसं कळवलं नाही आणि कारण हवामानासारखं हाताबाहेरचं नसेल, तर डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमाप्रमाणे भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांवर १०,०००. या रकमेपेक्षा मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून कमी होत असेल, तर तेवढंच मिळतं. उशिराचंही तसंच: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की चहा-नाष्टा कंपनीने द्यायचा असतो. मी एकदा एका विमानतळावर तीन तास बसलो होतो, कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. शेजारच्या आजींनी काउंटरवर जाऊन शांतपणे "नियम काय आहे?" एवढंच विचारलं, आणि दहा मिनिटांत सगळ्यांना सँडविच आलं. मागितल्याशिवाय देत नाहीत.

पायरी ५: थेट विमान आहे का, ते बघा

अंतर आणि वेळ काढला म्हणजे विमान आहेच असं नाही, आणि काल होतं म्हणजे आज असेल असंही नाही. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटी. छोट्या विमानतळांवर काही उड्डाणं आठवड्यातले ठराविक वारच असतात. म्हणून आधी वार बघा, मग रजा टाका. उलट करणारे पस्तावतात.

शोधताना "नॉन-स्टॉप" असं लिहिलेलं घ्या. "डायरेक्ट" म्हणजे विमान तेच, पण मध्ये कुठेतरी उतरू शकतं. आणि विमान बदलायचं असेल तर अंतराचा हिशोबच वेगळा होतो. कोल्हापूर-हैदराबाद ४४५ आणि हैदराबाद-नागपूर ४३०, म्हणजे ७०० चे पावणेनऊशे झाले. त्यात हैदराबादला बसून काढायचे दोन-तीन तास. मुंबईमार्गे गेलात तर आधी वायव्येला आणि मग आडवं पूर्वेला. कुठल्या शहरावरून बदलायचं हे ठरवताना रेषा ओढून बघा. वळसा लहान असेल ते शहर घ्या, पण दोन विमानांमध्ये निदान दीड-दोन तास मोकळे ठेवा. दोन्ही तिकिटं एकाच आरक्षणात काढा. वेगवेगळी काढलीत आणि पहिल्याला उशीर झाला, तर दुसरी कंपनी तुमचं ऐकायला बांधील नसते.

नागपूर देशाच्या पोटात आहे, त्याचा एक जुना फायदा सांगतो. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, पोती अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जात. चारी बाजूंचं अंतर मानवण्यासारखं, म्हणून ते जमलं.

पायरी ६: घरापासून घरापर्यंत मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. तिकिटावर १ तास २० मिनिटं वाचून माणूस सांगतो, "सकाळी साडेदहाचं विमान, बाराला नागपुरात." माझ्या आत्येभावाने असंच व्याह्यांना सांगितलं, व्याही बाराला जेवायला ताट वाढून बसले, आणि हा सव्वा वाजता पोहोचला. तोही विमान अगदी वेळेत असताना.

साडेदहाच्या विमानाचा हिशोब उलटा मांडा. बहुतेक कंपन्यांचा सामान घ्यायचा काउंटर एक तास आधी, म्हणजे साडेनऊला बंद होतो. आत जायचं फाटक वीस-पंचवीस मिनिटं आधी. म्हणजे नऊच्या आत उजळाईवाडीत पाहिजे. छोट्या विमानतळावर रांगा लहान, त्यामुळे दीड तास आधी पोहोचलं तरी चालतं. मुंबई-पुण्याला तेवढ्याने भागत नाही. सांगलीतून रस्ता सव्वा तासाचा, पण शिरोलीच्या चौकाला आणि ऊस-हंगामातल्या ट्रॅक्टरना अर्धा तास वेगळा काढून ठेवा. म्हणजे घर सोडायचं सव्वासातला.

विमान सुटलं साडेदहाला, पोहोचलं अकरा पन्नासला. उतरणं, पट्ट्यावरून बॅग घेणं यात वीस-पंचवीस मिनिटं. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहराला लागूनच, तिथून सीताबर्डीपर्यंत अर्धा तास. एक वाजत आला. सव्वासात ते एक, पावणेसहा तास. व्याह्यांना "एकनंतर" सांगा.

तरीही रेल्वेपुढे हा वेळ पाव भागसुद्धा नाही. हाच हिशोब मुंबईला लावून बघा. एटीआरचा तास-सव्वा तास, आधीचे तीन-सव्वातीन, नंतरचा मुंबईतला तास, मिळून पाच-साडेपाच तास. रात्रीच्या स्लीपर बसला आठ-नऊ. फरक आहे, पण बसमध्ये झोप होते. मी मुंबईला अजून बसनेच जातो. नागपूरला मात्र नाही.

पावसाळ्याचं वेगळं. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी होतं आणि कित्येक दिवस वाहतूक बंद होती. जुलै-ऑगस्टमध्ये विमानाची वेळ बघायच्या आधी कृष्णा आणि पंचगंगेची पातळी बघा. पन्नास किलोमीटरचा रस्ता तुटला तर सातशे किलोमीटरच्या तिकिटाला अर्थ राहत नाही.

सातारकरांनी काय करावं

सातारा मधोमध आहे, पुणे ११० आणि कोल्हापूर १२५ किलोमीटरच्या आसपास. हवेतलं अंतर पाहिलं तर पुणे-नागपूर ६०० आणि कोल्हापूर-नागपूर ७००. उड्डाणात आठ-दहा मिनिटांचा फरक, तो सोडून द्या. बघायचं ते विमानांची संख्या. पुण्याहून एक चुकलं तर दुसरं मिळायची आशा असते. कोल्हापूरला चुकलं की दिवस, कधी दोन दिवस गेले. दुसरीकडे पुण्यात शहर ओलांडून लोहगावला पोहोचायचं म्हणजे सातारा-पुणे रस्त्याइतकंच जिवावर येतं. कराड, उंब्रज, पाटणच्या लोकांनी खुशाल कोल्हापूर धरावं. वाई, खंडाळा, शिरवळवाल्यांनी पुणं. साताऱ्यात राहणाऱ्याने त्या दिवशी ज्याचं थेट विमान मिळेल ते घ्यावं.

निघताना

ओळखपत्र खिशात, पॉवर बँक हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत पॉवर बँक चालत नाही, ती उघडायला लावतात आणि त्यात वेळ जातो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही बॅगेत घालू नका. खोबरं तेलकट, पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत अडवू शकतात. भडंग मात्र हवं तेवढं न्या, त्याचं वजनही होत नाही.

परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर उजळाईवाडीहून पुढची सोय आधीच करून ठेवा. कोल्हापूरचं मध्यवर्ती बसस्थानक तिथून नऊ-दहा किलोमीटर आहे आणि रात्री रिक्षावाला सांगेल तो आकडा. सांगलीतून कुणाला गाडी घेऊन बोलवणार असाल, तर त्याला विमान उतरायची वेळ सांगू नका, त्यात वीस मिनिटं मिळवून सांगा.